दफ्तर मेघात, किल्ल्या कोणाच्या हाती?

गणेशोत्सवाच्या साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला, मुंबई-ठाण्यातील हजारो घरांत एकाच वेळी एकच उद्योग चालू असतो. कोकणकन्या, मांडवी, तुतारी यांपैकी कोणत्याही गाडीत चतुर्थीच्या आदल्या दिवसाची जागा मिळावी म्हणून मुलगा संगणकासमोर, सून भ्रमणध्वनीवर आणि आजोबा स्थानकावरील खिडकीच्या रांगेत अशी त्रिस्थळी यात्रा घडते. काही मिनिटांतच ‘प्रतीक्षा यादी’ हे शब्द उमटतात आणि रेल्वेच्या संगणकाचा उद्धार सुरू होतो. ज्या यंत्राला ही बोलणी खावी लागतात, त्याचे रूप आता पालटायचे ठरले आहे. त्या बदलाची चर्चा मात्र बहुतांशी वेगापुरतीच राहिली.

२०२५ च्या उन्हाळ्यात रेल्वे मंत्रालयाने प्रवासी आरक्षण प्रणालीच्या नूतनीकरणाची घोषणा केली. त्याच वर्षी संसदेतही त्याचे तपशील सांगण्यात आले. सध्याची प्रणाली २०१० मध्ये उभारलेली, ‘इटॅनियम’ जातीच्या सर्व्हरांवर आणि ‘ओपन व्हीएमएस’ या कार्यप्रणालीवर चालणारी. तिच्या जागी क्लाऊड तंत्राशी सुसंगत अशी नवी रचना यावी यासाठी १८२ कोटी रुपये मंजूर झाले. मिनिटाला पंचवीस हजार तिकिटांची क्षमता एक लाखाच्या पुढे न्यायची, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. जुने यंत्रही काही अगदी थकलेले नव्हते. २२ मे २०२५ रोजी त्याने एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे देऊन स्वतःचाच उच्चांक नोंदवला होता. असे असताना बदल का करायचा, आणि तो कोणत्या अटींवर करायचा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ते मागचे दिवस आठवत असतील. प्रत्येक गाडीची वेगळी वही, त्या वहीपुरती वेगळी खिडकी. दिल्लीच्या गाडीची रांग चुकून मद्रासच्या गाडीच्या खिडकीवर लागली तर अर्धा दिवस फुकट. परतीच्या प्रवासाची जागा हवी असेल तर तारेने विचारणा व्हायची आणि उत्तर येईल तेव्हा येईल. वही एकाच कारकुनाच्या हातात असल्याने तिच्यातील रिकाम्या ओळींचे मोल त्याला आणि बाहेर उभ्या दलालाला नेमके ठाऊक असे.

ही वही संगणकात गेली ती १९८५ च्या अखेरीस, दिल्लीत. ‘इम्प्रेस’ नावाची ती पहिली आरक्षण प्रणाली सीएमसी या सरकारी कंपनीने रचली. सीएमसीची जन्मकथा आज पुन्हा सांगण्याजोगी आहे. या देशातील मोठे संगणक बहुतांशी ‘आयबीएम’ या अमेरिकी कंपनीचे होते. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी कंपन्यांच्या भांडवली हिश्श्यावर मर्यादा घातली. मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात उद्योग खाते सांभाळणाऱ्या जॉर्ज फर्नांडिसांनी त्या कायद्याच्या पालनाचा आग्रह धरला आणि आयबीएमने १९७८ मध्ये गाशा गुंडाळला. पण त्यांची यंत्रे येथेच होती. ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार? १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन’ने, म्हणजेच सीएमसीने, ते काम अंगावर घेतले. परकी यंत्रे उघडून, जोडून, पुन्हा चालती करून जे अभियंते तयार झाले, त्यांच्याच संस्थेने पुढे सात-आठ वर्षांत रेल्वेच्या आरक्षणाचे कोडे सोडवले. विदेशी कंपनी निघून गेली म्हणून देश अडला नाही, अडल्याने शिकला.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. इम्प्रेस ज्या ‘व्हॅक्स’ संगणकांवर चालत होती ते डिजिटल या अमेरिकी कंपनीचेच होते. म्हणजे पत्रा आणि तारा परक्या, पण आतील नियमांची गुंफण आपली. स्वदेशीचा विचार करणाऱ्या मंडळींकडून अनेकदा या दोहोंची गल्लत होते. यंत्रावर कोणाचे नाव कोरले आहे, यावरून त्यावर स्वामित्व कोणाचे हे ठरत नाही. आतले व्याकरण ज्याला येते, यंत्र त्याचे.

या व्याकरणाचे महत्त्व पुढे लवकरच सिद्ध झाले. रेल्वेने १९८६ मध्ये ‘क्रिस’ ही स्वतःची संगणक संस्था उभी केली होती. गाडी चालवण्याचा अनुभव असलेले रेल्वे अधिकारी आणि संगणक अभियंते एकाच छताखाली बसवणारी ही संस्था. तिने नव्वदच्या दशकात ‘कॉन्सर्ट’ ही नवी आरक्षण प्रणाली लिहिली आणि दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एप्रिल १९९९ पर्यंत परस्परांशी जोडली. तेव्हापासून कोल्हापूरच्या खिडकीवर हावडा-पुरी गाडीचे तिकीट मिळू लागले. पुढे केंद्रात वाजपेयी सरकार असताना, २००१ मध्ये, सीएमसीचा ५१ टक्के हिस्सा टाटा सन्सला विकला गेला आणि २०१५ मध्ये ती कंपनी टीसीएसमध्ये विलीन झाली. खरेदीदार भारतीय होता, तेव्हा त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु रेल्वेचे आरक्षण तोवर सीएमसीवरच विसंबून राहिले असते, तर देशाच्या या सर्वांत मोठ्या दफ्तराचे व्याकरण त्या सौद्याबरोबर खासगी मालकीत गेले असते. ते गेले नाही, कारण क्रिसने ते आधीच स्वहस्ते पुन्हा लिहून ठेवले होते. निर्गुंतवणुकीच्या बाजूने वा विरोधात तावातावाने बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी या गोष्टीची दखल घेतली.

हे व्याकरण म्हणजे नेमके काय? वरवर पाहता प्रवासी जागा मागतो, संगणक देतो. पण एकाच क्षणी नागपूरच्या खिडकीवरून, पुण्यातील भ्रमणध्वनीवरून आणि बंगळुरूच्या कार्यालयातून एकाच बर्थची मागणी आली तर? ती एकालाच मिळाली पाहिजे. त्याचे पैसे गेले आणि जागा मिळाली नाही, किंवा जागा मिळाली आणि पैसे गेले नाहीत, असे अर्धवट काही घडता कामा नये. घडेल ते पूर्ण घडेल, नाहीतर मुळीच घडणार नाही. सर्व देवघेव प्रणालींचा हाच प्राण आहे, बँक असो वा रेल्वे. रेल्वेच्या बाबतीत ही गुंतागुंत कित्येक पटींनी वाढते. मधल्या स्थानकांचा कोटा वेगळा, दूरस्थ स्थानकांचा वेगळा, तत्काळ वेगळा. कोणी मनमाडला उतरला तर तीच जागा पुढे दुसऱ्याला द्यायची. ज्येष्ठांना आणि पंचेचाळिशी उलटलेल्या महिलांना शक्य तर खालचा बर्थ द्यायचा. खिडकीवरून घेतलेले प्रतीक्षा यादीतील तिकीट तक्ता लागल्यावरही आपोआप रद्द होत नाही, पण महाजालावरून घेतलेले होते. हे सारे नियम कोणा एका ग्रंथात सापडणार नाहीत. चार दशकांच्या परिपत्रकांतून ते एकेक करून आज्ञावलीत उतरले आहेत. त्यांतील कित्येकांचे मूळ कारण केवळ जुन्या मंडळींनाच ठाऊक असते. रात्री पावणेबारा ते बारा-वीस या अर्ध्या-पाऊण तासात महाजालावरील आरक्षण वर्षानुवर्षे बंद ठेवले जाते, तेही दिवसाचा हिशेब मिटवून नव्या दिवसाची पाटी मांडण्यासाठी. यंत्रालाही संध्याकाळची रोजकीर्द लिहावी लागते.

प्रवाशांचा हा व्यवहार साऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतो म्हणून त्याची चर्चा होते. मालवाहतुकीचे दफ्तर त्याहून मोठे आहे, पण ते कोणाला दिसत नाही. २०२४-२५ या वर्षात रेल्वेने १६० कोटी टनांहून अधिक माल वाहिला. ‘फोइस’ ही क्रिसचीच प्रणाली या प्रत्येक मालगाडीची नोंद ठेवते. मागणी कोणी नोंदवली, कोणता रेक कोठे रिकामा उभा आहे, तो कोणत्या धक्क्यावर लावायचा, भरणीला वेळ किती लागला, विलंब झाला असेल तर विलंबशुल्क किती आणि रेल्वे पावती कोणाच्या नावे, हे सर्व तिच्यात असते. कोराडी वा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राला कोळशाचा रेक वेळेवर पोहोचला नाही तर त्याची झळ पुण्याच्या कारखान्यापर्यंत लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगाव परिसरातून सुमारे १६०० टन कांदा मालगाडीने दिल्लीला गेला, तेव्हा दिल्लीतील गृहिणीने त्याचे श्रेय भाव उतरवणाऱ्या सरकारला दिले असेल. त्या बेचाळीस वाघिणी नेमक्या त्या दिवशी, नेमक्या त्या धक्क्यावर कशा उभ्या राहिल्या, हा प्रश्न तिला पडण्याचे कारणच नाही. देशाचा पुरवठा हा असा अदृश्य कारकुनीवर चालतो. आरक्षणाच्या दफ्तराबाबत आज जे ठरेल, तोच पायंडा उद्या या दफ्तरालाही लागू होईल. म्हणून हा प्रश्न केवळ सुट्टीच्या तिकिटांचा नाही.

आता बदल का हवा ते पाहू. इटॅनियम ही संगणकचिप इंटेल कंपनीने २००१ मध्ये मोठ्या अपेक्षेने बाजारात आणली. ती चालली नाही. जुलै २०२१ मध्ये इंटेलने तिचा शेवटचा माल पाठवला आणि तो कारखाना कायमचा मिटला. यापुढे सुटा भाग जळाला तर तो भंगारातून शोधावा लागणार. ओपन व्हीएमएसची जन्मदाती डिजिटल कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने गिळली, कॉम्पॅकला २००२ मध्ये ह्युलेट-पॅकार्डने. ती कार्यप्रणाली आजही एका छोट्या कंपनीने जिवंत ठेवली आहे आणि तिची भक्कमता वादातीत आहे. परंतु ती शिकलेला तरुण अभियंता भारतातील महाविद्यालयांतून शोधून सापडणे कठीण. घर कितीही भक्कम असले तरी त्या मापाची वीट पाडणारी भट्टीच विझली असेल, तर दुरुस्तीचा विचार वेळीच केलेला बरा. नूतनीकरणाचा निर्णय योग्य आहे, किंबहुना थोडा उशिराच झाला आहे.

खरा प्रश्न ‘क्लाऊड’ या शब्दापाशी उभा राहतो. मराठीत आपण त्याला मेघ म्हणतो आणि मेघ म्हटले की ते कोणाच्याच मालकीचे नसतात असा भास होतो. वास्तविक हा मेघ जमिनीवरच असतो. विजेवर चालणाऱ्या, अहोरात्र थंड ठेवाव्या लागणाऱ्या यंत्रांच्या त्या गोदामांना पत्ता असतो, मालक असतो आणि मालकाला कोणत्या ना कोणत्या देशाचा कायदा लागू असतो. तंत्राचा गाभा इतकाच की ठरावीक कामाला ठरावीक यंत्र बांधून न ठेवता यंत्रांचा एक मोठा सामाईक साठा करायचा आणि सकाळी आठ ते सव्वाआठ जेथे गर्दी उसळेल तेथे अधिक यंत्रे जुंपायची, गर्दी ओसरली की सोडून द्यायची. हे तंत्र रेल्वे स्वतःच्या आवारात, स्वतःच्या यंत्रांवर राबवू शकते. केंद्र सरकारने २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘मेघराज’ या शासकीय मेघावर ते राबवता येते. आणि खासगी कंपनीच्या गोदामात भाड्याने जागा घेऊनही राबवता येते. ‘क्लाऊड-सुसंगत’ या विशेषणात हे तिन्ही अर्थ मावतात. तंत्र एकच असले तरी राष्ट्राच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

भाड्याच्या मेघाला सरसकट नाक मुरडण्याचे कारण नाही. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये, इतर राज्यांच्या आधी, सार्वजनिक क्लाऊडचे धोरण जाहीर केले. मुंबई आणि पुणे परिसरात मोठमोठ्या विदेशी कंपन्यांची माहिती-गोदामे दहा वर्षांपासून उभी आहेत आणि माहिती भारताच्या भूमीवरच राहील, ही अटही घातली जाते. पण भूमी भारताची असली म्हणून हुकूम भारताचाच चालेल, असे होत नाही. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही साठवलेली असो, तेथील यंत्रणा ती कायदेशीर आदेशाने मागू शकते. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटसमोर मायक्रोसॉफ्टच्या फ्रान्समधील प्रतिनिधीला शपथेवर विचारण्यात आले की, फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रेंच सरकारच्या संमतीविना अमेरिकेला दिली जाणार नाही, याची हमी देता येईल का? अशी हमी देता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. त्या प्रामाणिकपणाचे कौतुकच केले पाहिजे.

माहिती मागितली जाणे ही पुढची गोष्ट. दारच बंद झाले तर काय, याचा अनुभव तर भारताच्या भूमीवरच आला. गुजरातमधील वाडिनार येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीत रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा मोठा हिस्सा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरावर निर्बंध लादले. भारताने ते निर्बंध मान्य केलेले नव्हते, भारतीय कायद्याचा कोणताही भंग झालेला नव्हता. तरीही मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या सेवा थांबवल्या आणि कर्मचाऱ्यांना आपल्याच टपालापर्यंत, आपल्याच कागदपत्रांपर्यंत पोहोचता येईना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. रशियन भांडवलाविषयी कोणाचे काहीही मत असो. पैसे भरलेले, परवाने वैध आणि कारखाना भारतात, असे असूनही ब्रुसेल्समधील निर्णयाने वाडिनारमधील कपाटाला कुलूप लागले. उद्या एखाद्या आंतरराष्ट्रीय तणावाच्या काळात सैन्याच्या विशेष गाड्या, कोळशाचे रेक आणि धान्याची वाहतूक ज्या दफ्तरात नोंदली जाते, त्या कपाटाची किल्ली अशा कोणाच्या हाती असावी काय?

यावर लगेच ‘सारे काही आपल्याच इमारतीत ठेवा’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. दक्षिण कोरियाच्या सरकारने नेमके तेच केले होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील त्यांच्या राष्ट्रीय माहिती केंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. टपालापासून ओळखपत्रांपर्यंत ७०९ शासकीय प्रणाली बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ज्या शासकीय मेघात ठेवली होती, त्यातील सुमारे ८५८ टेराबाइट माहितीची दुसरी प्रत कोठेच नव्हती. ती कायमची नष्ट झाली. केंद्र स्वदेशी होते, मेघ शासकीय होता, अभियंते कोरियन होते. दुसरी प्रत नव्हती. आपल्याकडे ‘स्वदेशी’ हा शब्द कधीकधी हलगर्जीपणावर पांघरूण घालायला वापरला जातो, म्हणून हे उदाहरण मुद्दाम सांगावेसे वाटते.

स्थलांतराच्या वाटेवरील सर्वांत मोठा धोका मात्र आगीचाही नाही, विदेशी सत्तेचाही नाही. कॅनडासारख्या श्रीमंत, सुशिक्षित देशाने २०१६ मध्ये आपल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वेतनाची चाळीस वर्षांहून जुनी प्रणाली काढून ‘फिनिक्स’ नावाची नवी प्रणाली आणली. नवे यंत्र येणार म्हणून वेतनाचे बारकावे जाणणाऱ्या सुमारे बाराशे सल्लागारांची पदे आधीच रद्द केली गेली आणि काम एका नव्या केंद्राकडे सोपवले गेले. परिणाम असा की, हजारो कर्मचाऱ्यांना महिनोन्‌महिने पगार मिळाला नाही. कोणाला दुप्पट मिळाला आणि नंतर वसुलीच्या नोटिसा आल्या. तेथील महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये या प्रकाराला आकलनापलीकडचे अपयश म्हटले. वाचवायला निघाले काही कोटी, निस्तरण्यात गेले अब्जावधी डॉलर. ज्यांना जुन्या नियमांची कारणे ठाऊक होती, ती माणसे नव्या यंत्राच्या पहिल्या दिवशी तेथे नव्हती. योगायोग असा की, फिनिक्सचे काम आयबीएमकडे होते. १९७८ मध्ये हीच कंपनी निघून गेल्यावर भारतात माणसे घडली होती. कॅनडाने ती आली असताना घडलेली माणसे घालवली. हा दोष त्या कंपनीपेक्षा कॅनडाच्या सरकारचा अधिक होता.

क्रिसमधील ज्या अधिकाऱ्यांनी कॉन्सर्ट लिहिली, त्यांतील अनेक जण आता निवृत्तीला आले असतील किंवा निवृत्त झालेही असतील. त्यांच्या डोक्यातील परिपत्रकांचा इतिहास कागदावर उतरवून घेण्याचे काम यंत्रखरेदीच्या आधीचे आहे. १८२ कोटींतील काही लाख यासाठी खर्च झाले, तर ते सर्वांत फलदायी ठरतील. सरकारी कामात निविदा काढणे सोपे असते. निवृत्त कारकुनाला मानाने बोलावून त्याच्याशी चार दिवस बोलत बसणे अवघड, कारण त्याचे बिल कोणत्या लेखाशीर्षात टाकायचे, हे कोणालाच ठाऊक नसते.

वेगाविषयीही एकदा स्पष्ट बोलायला हवे. मिनिटाला एक लाख तिकिटे देणाऱ्या यंत्राने कोकणकन्येला एक डबाही वाढत नाही. आज ज्या जागा पाच मिनिटांत संपतात, त्या उद्या सव्वा मिनिटात संपतील, इतकेच. त्या सव्वा मिनिटात माणूस जिंकतो की माणसाचे सोंग घेतलेली आज्ञावली, हा प्रश्न वेगापेक्षा महत्त्वाचा आहे. तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉग-इनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न अशा यंत्रांचे असतात, असे रेल्वेनेच २०२५ मध्ये सांगितले आणि अडीच कोटींवर संशयास्पद खाती बंद केली. १ जुलै २०२५ पासून महाजालावरील तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी आवश्यक झाली. ही पावले योग्यच होत. वहीच्या काळातला खिडकीबाहेरचा दलाल संगणकाने हटवला, तो महाजालात नव्या वेषात शिरला. त्याला तेथूनही हुसकावायलाच हवे. मात्र या दलाल-यंत्रांना ओळखून अडवणारा द्वारपाल अकामाई या अमेरिकी कंपनीचा आहे, ही गोष्टही लक्षात राहावी. दफ्तर आपले, नियम आपले, पण देवडीवर कोणाला आत सोडायचे याचा निवाडा परक्या यंत्राचा. असे द्वारपाल घडवण्याची विद्या भारतीय अभियंत्यांना अवघड नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सुमारे बारा लाख ई-टपाल खात्यांचे काम झोहो या भारतीय कंपनीकडे आले. तेव्हा देशी कंपन्यांची कुवत नाही, ही सबब आता चालणारी नाही.

आणि खिडकी? आरक्षित तिकिटांपैकी दहातील आठांहून अधिक तिकिटे महाजालावरून निघतात, म्हणून उरलेल्या दोघांना विसरण्याची वृत्ती बळावते. ते दोघे बहुधा ऊसतोडीहून गावी परतणारे मजूर असतात, अक्षरांशी फारसा परिचय नसलेल्या वृद्धा असतात. नव्या रचनेत खिडकीवरच्या कारकुनाचा पडदाही तितक्याच तत्परतेने उघडला पाहिजे, महाजालाच्या गर्दीत त्याची विनंती मागे पडता कामा नये, हे यंत्राची रचना करतानाच ठरवावे लागते. नंतर ठरवता येत नाही.

मेघराज असो, रेल्वेचे स्वतःचे आवार असो वा एखादी भारतीय खासगी कंपनी, निवड कोणतीही झाली तरी काही गोष्टींचा सौदा होऊ नये. माहिती ज्या सांकेतिक कुलपात बंद होते, त्याच्या किल्ल्या क्रिसच्याच ताब्यात असाव्यात, भाड्याने जागा देणाऱ्याकडे नव्हे. नियमांची आज्ञावली कोणाही पुरवठादाराच्या खास तंत्रात इतकी अडकू नये की, उद्या बिऱ्हाड हलवायचे म्हटले तर सारे नव्याने लिहावे लागेल. ज्या घराला मागचे दार नाही त्या घराचे भाडे घरमालक मनाला येईल तसे वाढवतो. दुसरी प्रत दुसऱ्या शहरात असावी, आणि वर्षातून किमान एकदा पहिले केंद्र मुद्दाम बंद ठेवून सारा कारभार दुसऱ्यावर चालवून दाखवावा. अशा तालमीला अधिकारी कचरतात, कारण त्यात फजिती होण्याची शक्यता असते. सणासुदीच्या सकाळी होणाऱ्या फजितीपेक्षा ती परवडते.

जुन्या यंत्राची वीज कधी तोडायची, याचाही घाईने मुहूर्त काढू नये. जुनी आणि नवी प्रणाली काही काळ शेजारी-शेजारी चालवून, एकाच मागणीला दोघी एकच उत्तर देतात का, हे दररोज ताडून पाहावे. उन्हाळी सुट्ट्या, गणपती, दिवाळी आणि छठ असे गर्दीचे सारे हंगाम नव्या यंत्राने एकदा निभावून नेले की मग इटॅनियमला निरोप द्यावा. हा करार, त्यातील किल्ल्यांची कलमे आणि स्थलांतराचे वेळापत्रक रेल्वेच्या संसदीय स्थायी समितीसमोर मांडावे, अशी मागणी महाराष्ट्रातील खासदारांनी पक्षभेद विसरून करायला हरकत नाही. मिनिटाला किती तिकिटे, हा आकडा देशाला ठाऊक झाला आहे. आता कुलपाचा तपशील विचारायचा आहे.